ओढीच्या मैदानात आरपीएम किती चढवावे?

संकेश्वर परिसरात दिवाळी झाली की रस्ते उसाच्या ताब्यात जातात. हिरण्यकेशी कारखान्याच्या दिशेने असो, निपाणीच्या बाजूला हालसिद्धनाथकडे असो की सीमा ओलांडून महाराष्ट्रात गडहिंग्लजकडे, जिकडे बघावे तिकडे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. चढ लागला की कोणाचा पंप वाढवलेला आहे हे मागून येणाऱ्याला विचारावे लागत नाही, धूरच सांगतो. हंगाम सरतो, जत्रा-उरूस सुरू होतात आणि यांतलेच काही ट्रॅक्टर मैदानात उतरतात. कुठे भरलेली ट्रॉली आखलेल्या रेषांमधून रिव्हर्समध्ये न्यायची. कुठे जड ट्रॉली नांगरलेल्या किंवा ओल्या रानातून ओढायची. कुठे दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडायचे आणि कोण कोणाला ओढून नेतो ते बघायचे. रिव्हर्सची शर्यत हाताच्या कसबाची. बाकीच्या दोन जोराच्या, आणि वाद त्यांच्याभोवती आहे.

वाद साधा दिसतो. इंजिन किती आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, फिरवायचे आणि त्यातून किती एचपी काढायचे? गावातल्या फिटरपासून अमेरिकेतल्या हजार-दोन हजार एचपीचे डिझेल पिकअप ट्रक बांधणाऱ्यांपर्यंत सगळे याच प्रश्नावर भांडत आले आहेत. इकडचा मामला साठ-सत्तर एचपीचा, तिकडचा त्याच्या वीसपट. इंजिनाचे नियम मात्र दोन्हीकडे तेच. म्हणून दोन्हीकडचे एकत्र ठेवून हा वाद आज कुठे उभा आहे ते पाहायचे आहे.

ओढीची हौस कुठून आली

जनावराची ओढ मोजण्याची हौस या मुलखाला जुनी आहे. मुधोळ-जमखंडीकडे तेरबंडीच्या शर्यती चालतात. त्यात बैलजोडीने जड बंडी किती लांब ओढली याला मोल असते, पळण्याला नाही. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बैलगाडी शर्यतींचे वेड त्याहून मोठे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या थांबल्या. पुढे राज्यांनी कायदे केले, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या काळात जत्रेतल्या हौशीला दुसरी वाट फुटणार हे उघड होते. बैलशर्यत बंद पडली म्हणूनच ट्रॅक्टर मैदानात आले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धेच खरे वाटते. दुसरे अर्धे कारण उसाच्या वाहतुकीत आहे. दोन ट्रॉल्यांचा भार एका ट्रॅक्टरला लावण्याची सवय लागल्यावर कोणाचा ट्रॅक्टर जास्त ओढतो ही ईर्षा रस्त्यावर रोजच तयार होत होती. जत्रेने तिला फक्त मैदान दिले.

लोखंडाचे वेडही इथे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. नांगराचा कारखानाही तिथेच आकाराला आला आणि १९१० मध्ये तो किर्लोस्करवाडीला गेला. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स पुण्यात उभी राहिली. आज बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिरोलीत ओतकामाचे, यंत्रकामाचे कारखाने आहेत. कोल्हापुरात डिझेल इंजिनांचे पिस्टन बनतात, बेळगावात ब्लॉक आणि हेड ओतले जातात. संकेश्वर या दोन शहरांच्या मध्ये, पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. इथल्या फिटरला सुटा भाग आणि सल्ला या दोन्ही गोष्टी तासा-दीड तासाच्या अंतरावर मिळतात.

अमेरिकेत ट्रॅक्टर ओढीच्या शर्यती १९२९ च्या सुमारास सुरू झाल्याचे मानतात. तिथेही सुरुवात घोड्यांपासूनच. १९६९ मध्ये नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन झाली आणि नियम एकसारखे झाले. नंतर एक खास गाडा आला. त्यावरचे वजन सुरुवातीला मागच्या चाकांवर असते आणि गाडा पुढे जाईल तसे ते पुढच्या तळाकडे सरकते. तळ जमिनीत रुतत जातो, ओढ वाढत जाते आणि सुमारे ३०० फुटांच्या आत बहुतेकांचा दम निघतो. तिकडे डिझेल पिकअपला जोर चढला तो १९८९ नंतर, डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे इंजिन बसवायला सुरुवात केल्यावर. हे इंजिन आपल्यालाही परके नाही. टाटा कमिन्सने जमशेदपुरात याच घराण्याची इंजिने बनवली आणि ती टाटाच्या ट्रकमधून देशभर फिरली. मालवाहू ट्रकमध्ये जे इंजिन अडीच हजार आरपीएमच्या आत निवांत चालते, त्याच बनावटीचे इंजिन तिकडे पाच हजारांच्या घरात फिरवतात.

हिशेब एकच, वाटा दोन

वाद समजायला एक सूत्र पुरते. टॉर्क किलो-मीटरमध्ये घ्यायचा, त्याला आरपीएमने गुणायचे आणि ७१६ ने भागायचे. येतो तो एचपी. टॉर्क म्हणजे क्रँकला मिळणारा पीळ. एचपी हवा असेल तर पीळ वाढवा, नाहीतर फेरे वाढवा. तिसरी वाट नाही.

हजार एचपीचे उदाहरण घेऊ. अडीच हजार आरपीएमवर हजार एचपी काढायचा तर सुमारे २८६ किलो-मीटर टॉर्क लागतो. पाच हजारांवर काढायचा तर त्याच्या निम्मा, १४३. कमिन्सचे ते मूळ इंजिन १९८९ मध्ये १६० एचपी आणि सुमारे ५५ किलो-मीटर टॉर्क देत होते. म्हणजे दोन्ही वाटा कंपनीने आखलेल्या कुंपणाच्या फार बाहेरच्या आहेत.

पीळ येतो जळलेल्या डिझेलमधून, आणि डिझेल जाळायला हवा लागते. हजार एचपीला मिनिटाला सुमारे अडीच किलो डिझेल धरले आणि एक किलोला १८ किलो हवा, तर मिनिटाला ४५ किलो, म्हणजे जवळपास ४० घनमीटर हवा हवी. ५.९ लिटरचे इंजिन टर्बोशिवाय अडीच हजार आरपीएमवर साडेसात घनमीटरही ओढत नाही. पाच हजारांवर पंधराच्या आत. म्हणजे कमी फेऱ्यांवर हवा साडेपाच पट घट्ट करून भरावी लागते, जास्त फेऱ्यांवर अडीच-पावणेतीन पट. या दोन आकड्यांत अख्खा वाद सामावला आहे.

फेरे वाढवा म्हणणारे

या पक्षाचे म्हणणे सरळ आहे. तेवढाच एचपी कमी दाबावर मिळतो, मग हेडवर, गॅस्केटवर, बोल्टवर ताण का टाकायचा? शिवाय फेरे जास्त असले की गिअर खालचा लावता येतो, आणि चाकापर्यंत पोहोचेस्तोवर पीळ पुन्हा वाढतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत याला आणखी एक व्यवहारी कारण आहे. गिअर ठरलेले असतात. लो तिसऱ्यात कमी वेग, वरच्या गिअरमध्ये इंजिन गळपटते. शर्यत मध्येच गिअर बदलायला वेळ देत नाही. अशा वेळी इंजिनच जास्त फिरले तर तोच गिअर जास्त वेगाने पळतो.

चिखलाचाही मुद्दा ते मांडतात आणि तो खरा आहे. काळ्या मातीत टायरच्या खाचा भरल्या की चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरते. चाकाचा वेग वाढवला तर चिखल फेकला जातो आणि खाचा मोकळ्या राहतात. ज्यांनी ओल्या रानातली ओढ पाहिली आहे त्यांना मागे उडणारा चिखल आठवेल. तिथे चालक रेस सोडत नाही, आणि ते चुकीचे नसते.

अडचण डिझेलच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते आणि आधीच मिसळलेले मिश्रण पेटते. डिझेल आत फवारले जाते, हवेत मिसळते, तापते आणि मग पेटते. फवारल्यापासून पेटेपर्यंतचा हा वेळ अर्धा मिलिसेकंद धरला, तर दोन हजार आरपीएमवर तेवढ्यात क्रँक ६ अंश फिरतो, पाच हजारांवर १५ अंश. फवारणीलाही वेळ कमी पडतो. ३० अंशांच्या फवारणीला दोन हजारांवर अडीच मिलिसेकंद मिळतात, पाच हजारांवर एकच. म्हणून मोठा पंप, मोठी नोझल आणि टायमिंग बरेच पुढे, हे ओघानेच येते. पुढे केलेले टायमिंग जास्त फेऱ्यांवर बरोबर बसते, पण इंजिन खाली आले की पिस्टन वर पोहोचण्याआधीच डिझेल पेटते आणि दाब उलटा बसतो. शर्यतीसाठी बांधलेला ट्रक शेतात किंवा बाजारात का चालत नाही, याचे हे एक कारण.

दुसरी अडचण वजनाची. डिझेलचा पिस्टन जाड, कनेक्टिंग रॉड जड, कारण त्यांना दाब सोसायचा असतो. कमिन्सच्या त्या इंजिनाचा स्ट्रोक १२० मिलिमीटर. अडीच हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर, पाच हजारांवर २०. वेग दुप्पट झाला की रॉडला बसणारा हिसका चौपट होतो. व्हॉल्वच्या स्प्रिंगा पुऱ्या पडत नाहीत, व्हॉल्व वेळेत बसत नाही आणि पिस्टन त्याला भेटतो. जनरल मोटर्सच्या ६.६ लिटरच्या ड्युरामॅक्स इंजिनाचा स्ट्रोक ९९ मिलिमीटर आहे. पाच हजारांवर त्याचा पिस्टन साडेसोळा मीटरनेच धावतो. त्यामुळे फेऱ्यांच्या बाबतीत आखूड स्ट्रोकची इंजिने जात्याच सोयीची, असे मानणारा एक उपपक्ष तिकडे आहे. लांब स्ट्रोकवाले त्याला उत्तर देतात की मैदाने तर आमचीच इंजिने मारतात.

दाब वाढवा म्हणणारे

यांचे म्हणणे, डिझेल हे मुळात कमी फेऱ्यांचे इंजिन आहे, त्याच्या स्वभावाविरुद्ध जाऊ नका. मोठा टर्बो लावा, किंवा एकामागे एक दोन-तीन लावा, हवा थंड करा, पाण्याचा फवारा मारा आणि फेरे आटोक्यात ठेवून पीळ वाढवा. युरोपातल्या ट्रक शर्यती हा त्यांचा लाडका दाखला. तिथे १३ लिटरपर्यंतची इंजिने हजारावर एचपी देतात, तीही अडीच हजारांच्या आसपासच्या आरपीएमवर, आणि वेगावर ताशी १६० किलोमीटरची मर्यादा असूनही शर्यत रंगते. आपल्याकडे टाटा मोटर्सने २०१४ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर प्राइमा ट्रकच्या शर्यती भरवल्या, त्याही याच वळणाच्या.

या वाटेची किंमत दाबाने चुकवावी लागते. हेड उचलते, गॅस्केट उडते, पिस्टनचा माथा वितळतो, आणि पीळ वाढला की पुढचे क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन, एक्सल सगळे रांगेत उभे असतात. फेऱ्यांची वाट मुख्यतः इंजिनाला खाते, दाबाची वाट इंजिनासकट मागचेही खाते. काय मोडायचे ते आधी ठरवा, मग वाट निवडा, असे मी या दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून म्हणेन.

अमेरिकेत हा वाद काही वर्गांत नियमानेच वळवला आहे. टर्बोच्या हवा खेचणाऱ्या तोंडाला मर्यादा घातली जाते, काही वर्गांत २.६ इंच, काहींत ३ इंच. तोंड ठरले की मिनिटाला किती हवा येणार ते ठरले, आणि हवा ठरली की एचपीची कमाल मर्यादाही बऱ्यापैकी ठरली. मग फेरे वाढवून एचपी फारसा वाढत नाही, तो वेगळ्या आरपीएमवर मिळतो इतकेच. अशा वर्गात कॅम, हेडचे काम आणि गिअरची निवड यांना महत्त्व येते. डोके जास्त चालते, पैसा थोडा कमी लागतो. थोडाच.

तिसरा पक्ष: आधी काट्यावर या

संकेश्वरच्या मैदानाला लागू पडणारा खरा मुद्दा मला या तिसऱ्या पक्षाचा वाटतो. तो म्हणतो, चाकाची पकड सुटली की एचपी हवेत. वजनासकट अडीच टनांचा ट्रॅक्टर घ्या. बऱ्या जमिनीत तो वजनाच्या सहा दशांश ओढतो असे धरले तर ओढ झाली दीड टन. ती ताशी ५ किलोमीटरने ओढायला २८ एचपी पुरतात. वाटेतली गळती आणि चाकाची घसरण धरली तरी चाळीसच्या आत-बाहेर. तीच ओढ ताशी १५ किलोमीटरने न्यायची तर ८३ एचपी लागतात, गळती वेगळी. म्हणजे एचपी वेग विकत घेतो. ओढ वजनातून, टायरमधून आणि जमिनीतून येते.

पाठीला पाठ लावलेल्या शर्यतीत तर वेग जवळपास शून्यच असतो. दोघे एकमेकांना रोखून धरतात तेव्हा एचपी किती, या प्रश्नाला फारसा अर्थच उरत नाही. तिथे लो गिअर, जड ट्रॅक्टर, चांगले टायर आणि साखळी किती उंचीवर बांधली हे ठरवते. जुने चालक हे जाणतात. चाकांत पाणी भरतात, पुढे वजने लावतात, हवा थोडी उतरवतात आणि पंपाला हात लावत नाहीत. साधा, न छेडलेला ट्रॅक्टर वाढवलेल्या पंपाच्या ट्रॅक्टरला ओढून नेतो तेव्हा मैदानात जो गिल्ला होतो त्याचे कारण हे आहे.

फेरेवाल्यांचे उत्तरही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, ताशी पाच किलोमीटरचा हिशेब कोरड्या रानाचा आणि एकसारख्या ओढीचा. आमच्याकडे ट्रॉली पहिल्या हिसक्यात हलली तर हलली, आणि रुतलेल्या जागेतून वेगाच्या भरातच पार होते. तेही खोटे नाही. जमीन बदलली की निकाल बदलतो, म्हणून एका मैदानाचा अनुभव दुसऱ्याला लागू करताना सांभाळून.

पंपाच्या बेंचवर

प्रत्यक्षात आपल्याकडे हा वाद फिटरच्या हाती सुटतो. पंप दुरुस्तीच्या दुकानात बेंच असतो. त्यावर पंप चढवतात, मोटर त्याला फिरवते आणि प्रत्येक एलिमेंटचे तेल वर लावलेल्या काचेच्या नळ्यांत पडते. ठरावीक स्ट्रोक झाले की पुरवठा थांबतो आणि नळ्यांतली पातळी शेजारी शेजारी वाचायची. सगळ्या नळ्या सारख्या आल्या पाहिजेत. एकीत दोन सीसी कमी दिसले की फिटर पान्याने एलिमेंट केसभर सरकवतो, नळ्या उलट्या करून रिकाम्या करतो, पुन्हा फिरवतो. हे काम कारागिराचे आहे. चांगला फिटर बेंचवरच्या आवाजावरून डिलिव्हरी व्हॉल्व ओळखतो. मायकोचा पंप बंगळूरचा आणि नोझल नाशिकची, ही जोडी या भागातल्या दोन पिढ्यांच्या हाताखालून गेली आहे.

‘पंप वाढवणे’ म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा त्यांतला फरक माहीत नसतो. एक, प्रत्येक स्ट्रोकला पडणारे डिझेल वाढवणे. दोन, गव्हर्नरचा स्क्रू किंवा स्प्रिंग बदलून आरपीएमची कमाल मर्यादा वर नेणे. पहिल्याला हवेची मर्यादा आहे. जुना स्वराज ८५५ घ्या. तीन सिलिंडर, ३३०८ सीसी, दोन हजार आरपीएम, टर्बो नाही. तो मिनिटाला जेमतेम ३ किलो हवा ओढतो. त्यात धूर आटोक्यात ठेवून पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास डिझेल जळते, आणि त्यातून साठीच्या आसपास एचपी निघतो. कंपनी ५२ म्हणत होती. म्हणजे पंपातून मिळणारी वाढ सात-आठ एचपीची. त्यावर टाकलेले डिझेल काळा धूर होऊन सायलेंसरातून बाहेर जाते आणि लायनर धुऊन काढते. टर्बोही नाही, फेरेही तेच, आणि नुसता पंप वाढवून नव्वद एचपी केला असे कोणी सांगितले तर हवा कुठून आणली एवढे विचारावे.

फेरे वाढवले तर मात्र खरोखर एचपी वाढतो, आणि धोकाही. ११६ मिलिमीटरचा तो स्ट्रोक दोन हजारांवर पिस्टनला सेकंदाला पावणेआठ मीटरने पळवतो, साडेतीन हजारांवर साडेतेराने. हिसका तिप्पट. इंजिन तेच, रॉडचे बोल्ट तेच, फ्लायव्हील ओतीव लोखंडाचेच.

मोडतोड आणि माणसे

मोडतोडीच्या धोक्यावर पक्षांत मतभेद नाहीत, दुर्लक्ष मात्र आहे. फ्लायव्हीलवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन हजारांसाठी ओतलेले चाक साडेचार हजारांवर नेले तर ताण पाचपट. ते फुटले तर तुकडे चालकाच्या पायाशी आणि प्रेक्षकांत जातात. दुसरा धोका इंजिन सुटण्याचा. टर्बोचा सील गेला की इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागते. मग डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही, फेरे वाढतच जातात आणि हवेचे तोंड दाबल्याशिवाय इलाज नसतो. तिसरा धोका ट्रॅक्टर मागे उलथण्याचा. साखळी एक्सलच्या वर बांधली आणि क्लच झटक्यात सोडला की पुढची चाके उचलतात, आणि चालकाला सावरायला वेळ नसतो.

अमेरिकेतल्या नियमावल्या या तिन्हींवर बोलतात. क्लचभोवती पोलादी कवच, इंजिनाभोवती तुकडे अडवणारे आवरण, हवा तोडणारी झडप, ट्रॅक्टर सुटून गेला तर गाड्यावरून ओढायची दोरी, मागे उलथू नये म्हणून टेकू, आणि बहुतेक ट्रॅक्टर वर्गांत ओढीचा आकडा जमिनीपासून २० इंचांपेक्षा वर नाही.  आपल्या मैदानांत प्रेक्षक ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर मोबाईल धरून उभे असतात. साखळी तुटली तर ती कुठे जाईल, हे साखळीला माहीत नसते.

पंजाबने या बाबतीत वेगळी वाट घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरवर कसरत करताना एकाचा मृत्यू झाला आणि सरकारने ट्रॅक्टरच्या धोकादायक कसरतींवर बंदी घातली. कर्नाटक आणि महाराष्ट्रात मोटार वाहन कायदाच मुख्यतः पुढे येतो. कलम १८९ सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावायला मनाई करते. कलम ५२ वाहनात मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२-अ खाली त्याला शिक्षा आहे. पण सार्वजनिक ठिकाण कशाला म्हणायचे? कायदा लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेल्या जागेबद्दल बोलतो. खासगी रान, जत्रेपुरते मोकळे केलेले, गावकऱ्यांनी भरलेले, हे त्यात बसते की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. आयोजक एक अर्थ घेतात, पोलीस परिस्थिती बघून दुसरा.

अजून न सुटलेले

सगळ्यात मोठी उणीव मोजमापाची आहे. ट्रॅक्टरची ताकद मोजण्याची पद्धत देशात नाही असे नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरच्या मॉडेलांची पीटीओवरची ताकद आणि ओढ तपासते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था इंजिने तपासते. पण छेडलेला ट्रॅक्टर घेऊन तिथे कोण जाणार? त्यामुळे आपल्या मैदानातला एचपी हा सांगोवांगीचा आकडा आहे. तोंडाने सत्तर, ऐंशी, शंभर. त्या आकड्यांवर दोन्ही पक्षांचा वाद उभा आहे, म्हणून तो मिटत नाही. निदान वजन आणि आरपीएम तरी लिहून ठेवता येतील. आरपीएम मोजायचे हातातले यंत्र फार महाग नसते आणि साखर कारखान्याचा वजनकाटा हंगाम संपल्यावर मोकळाच असतो. दहा-वीस मैदानांची अशी नोंद झाली तर जड ट्रॅक्टर जिंकतो की जास्त फिरणारा, याला पहिल्यांदा पुरावा मिळेल. माझा अंदाज जडच्या बाजूचा आहे. पण तो अंदाजच.

दुसरा प्रश्न नव्या इंजिनांचा. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ प्रदूषण नियम लागू झाले, आणि त्यांबरोबर कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यातली डिझेल फवारणी, आली. तिथे स्क्रू नाही, सील नाही. फेऱ्यांची मर्यादा प्रोग्राममध्ये आहे. पान्याचे काम लॅपटॉपवर गेले की फिटरचे काय होणार, हा एक भाग. मैदानावर कोणी काय बदलले हे पंचाला बाहेरून कळणारच नाही, हा दुसरा. अमेरिकेत जुने यांत्रिक पंप आणि कॉमन रेल दोन्ही अजून मैदानात आहेत आणि कोणता सरस यावर एकमत नाही. यांत्रिक पंपवाले साधेपणाचे गुण गातात, कॉमन रेलवाले फेऱ्यांप्रमाणे टायमिंग आपोआप बदलते म्हणून कमी आणि जास्त दोन्ही आरपीएमवर इंजिन शहाण्यासारखे वागते असे सांगतात. यांत्रिक पंपाच्या पुढे केलेल्या टायमिंगची जी अडचण वर आली, ती इथे बरीच सुटते. फेरे वाढवा म्हणणाऱ्यांना पुढच्या काळात बळ मिळालेच तर ते इथून मिळेल.

तोवर आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरांना भाव आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, तरी त्यांच्या ५९११ ला शर्यतीचे शौकीन अजून शोधत फिरतात, कारण तो जड आहे, चार सिलिंडरचा आहे आणि त्याचा पंप बेंचवर चढवता येतो. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले की मैदान कॉमन रेलकडे वळेल. त्या वेळी गट पाडायचे कशावरून, नोंदणीच्या कागदावरच्या एचपीवरून, सीसीवरून, काट्यावरच्या वजनावरून की अमेरिकेसारखे टर्बोच्या तोंडावरून, हे सीमाभागातल्या आयोजकांना एकत्र बसून ठरवावे लागणार आहे.